बंद पडलेल्या ट्रकमागचे दगड

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मनोर ओलांडून पुढे निघालं की हे दृश्य हमखास दिसतं. माल भरलेला एक ट्रक मधल्याच लेनमध्ये उभा. मागे रांगेने मांडलेले पाच-सहा दगड, फाळक्याला खोचलेली झाडाची हिरवी फांदी आणि चाकाशेजारी उकिडवा बसलेला क्लीनर. मागून येणारा गाडीवाला मनातल्या मनात दोन शिव्या देतो आणि त्याला दोन प्रश्न पडतात. याने गाडी बाजूला का घेतली नाही? आणि या दगडांचा उपयोग काय?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं ट्रकच्या यंत्रणेत आणि आपल्या डोळ्यांच्या रचनेत आहेत. ती समजून घ्यायला याच महामार्गावरची चारोटी ही चांगली जागा आहे. सूर्या नदीवरचा पूल, टोलनाका, महामार्गाला छेदून जाणारा डहाणू-जव्हार रस्ता, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची चैत्रातली यात्रा, सगळं काही किलोमीटरांच्या आत. दक्षिणेला मेंढवणच्या खिंडीतलं वळण आणि उतार. त्याच्याही अलीकडे चिल्हार फाट्यावरून तारापूरच्या कारखान्यांचे टँकर येऊन मिळतात. उत्तरेला दापचरी, तलासरी आणि आच्छाडनंतर गुजरातची हद्द. तिथून वापीची रसायनं येतात. ४ सप्टेंबर २०२२ ला उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार सूर्याच्या पुलावर कठड्याला धडकली आणि चारोटी हे नाव देशभर पोहोचलं. या मार्गावर गाडी चालवणाऱ्यांना ते त्याआधीच पाठ होतं.

संकटाच्या तयारीबद्दल बोलताना आपण सहसा रुग्णवाहिका, क्रेन आणि अग्निशमन दलाबद्दल बोलतो. पण महामार्गावर ती मंडळी येईपर्यंतचा वेळ ड्रायव्हरचा एकट्याचा असतो. घाबरलेला माणूस नवीन विचार करत नाही, हात सवयीने वळेल तिकडेच वळतो. म्हणून त्या पहिल्या दहा मिनिटांत जे करायचं, ते गाडी निघण्याआधीच ठरलेलं असावं लागतं.

गाडी मध्येच का थांबते

मोटारीचा ब्रेक पाय दाबला की लागतो. मोठ्या ट्रकमध्ये त्याखेरीज आणखी एक ब्रेक असतो आणि त्याचं काम उलटं चालतं. मागच्या चाकांच्या ब्रेकमध्ये एक जाडजूड स्प्रिंग बसवलेली असते. ती सतत ब्रेक लावायलाच बघत असते. तिला दाबून धरते ती टाकीतली हवा. इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर ही हवा साधारण आठ बार दाबाने भरत राहतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट. हा दाब आहे तोवर स्प्रिंग मागे दबलेली आणि चाक मोकळं.

आता एखादा पाइप फुटला किंवा सांधा गळू लागला, तर ड्रायव्हरांच्या भाषेत ‘हवा उतरते’. दाब कमी झाला की स्प्रिंग सुटते आणि मागची चाकं जाम होतात. गाडी जिथे असेल तिथे रुतते आणि मग ती धक्क्याने काय, इंजिनच्या जोरानेही नीट हलत नाही. ही रचना मुद्दाम तशी केली आहे. हवा गेल्यावर ब्रेकच नाहीसा होण्यापेक्षा तो आपोआप लागलेला बरा. मधल्या लेनमध्ये रुतलेला ट्रक ही त्या सुरक्षिततेची किंमत.

या किमतीत सूट मिळवता येते. स्प्रिंग पूर्ण सुटण्याआधी डॅशबोर्डवरचा काटा खाली येतो आणि बझर वाजू लागतो. तो वाजला की गाडी डावीकडे घेण्याइतका वेळ बहुतेकदा हाताशी असतो. पण कटकट नको म्हणून बझरची वायर काढून ठेवणारे महाभाग आहेत. त्यांनी स्वतःच्या हाताने ती सूट नाकारलेली असते.

एक धोका मेकॅनिक आल्यानंतरचा. जाम झालेली गाडी ओढून नेण्यासाठी तो बोल्ट फिरवून स्प्रिंग मागे घेतो. त्या क्षणी गाडीला हवेचाही ब्रेक नसतो आणि स्प्रिंगचाही. मेंढवणसारख्या उतारावर चाकांखाली आधी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय त्या बोल्टला कुणी हात लावू नये, आणि गाडीखाली तर शिरूच नये.

अंगठ्याएवढा ट्रक

आता दगडांकडे येऊ. हात पुढे लांब करून अंगठा उभा धरा. साधारण ७५ मीटरवर उभा असलेला ट्रक मागून तेवढाच रुंद दिसतो. १५० मीटरवर तो अर्ध्या अंगठ्याएवढा असतो. तुम्ही ताशी ८० किलोमीटर वेगाने येत आहात, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. अर्ध्या अंगठ्याचा पूर्ण अंगठा व्हायला साडेतीन सेकंद लागतात. पूर्ण अंगठ्याचे दोन अंगठे व्हायला त्याच्या निम्मा वेळ. दोनाचे चार व्हायला एक सेकंदही लागत नाही. चित्र बराच वेळ जवळजवळ स्थिर असतं आणि मग एकदम अंगावर येतं.

आपला डोळा समोरच्या वस्तूचं अंतर आणि वेग बऱ्याच अंशी याच वाढीवरून ओळखतो. रात्री तर तेवढाही आधार नसतो, फक्त दोन लाल दिवे दिसतात. चालत्या ट्रकचे दिवे आणि उभ्या ट्रकचे दिवे सारखेच लाल. महामार्गावर समोरचा लाल दिवा पुढे पळत असतो, हा आपला रोजचा अनुभव, त्यामुळे मन तेच धरून चालतं. ‘हा उभा आहे’ हे उमगतं तेव्हा अंतर संपत आलेलं असतं.

आता थांबायला किती जागा लागते ते पाहू. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात ३३ मीटर गेले. भरलेला ट्रक कोरड्या रस्त्यावर त्यानंतर आणखी साठेक मीटर घेतो. एकूण ९५ मीटरच्या आसपास. पावसात हा हिशेब ११५ च्या पुढे जातो, आणि टायर गुळगुळीत असतील तर तो आकडाही विसरा.

ट्रकच्या मागे दहा पावलांवर मांडलेले दगड या हिशेबात कुठे बसतात? कुठेच नाही. हेडलाइटच्या उजेडात ते दिसतील तेव्हा ट्रकही दिसलेलाच असतो. काळा दगड उजेड परत पाठवत नाही, पावसात ओला झाला तर आणखीच नाही. हिरवी फांदी दिवसा बरी, रात्री तिचा रंग डांबरात मिसळतो. शिवाय ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो आणि दगड तिथेच राहतात, पुढच्या दुचाकीवाल्यासाठी.

लाल परावर्तक त्रिकोणाचं काम वेगळं आहे. त्याच्या पृष्ठभागावर बारीक बारीक कोपरे असतात आणि प्रत्येक कोपऱ्यात तीन सपाट बाजू एकमेकींना काटकोनात मिळतात. अशा कोपऱ्यात शिरलेला किरण तीनदा आपटून ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जातो. तुमच्या हेडलाइटचा उजेड तुमच्याकडेच येतो, आणि तुमचे डोळे हेडलाइटच्या जवळच असतात. म्हणून त्रिकोण दुरूनही झगझगीत दिसतो. त्याला बॅटरी लागत नाही, हे विशेष. गाडी बंद पडण्याचं कारण बॅटरीच असेल, तर चारही इंडिकेटर लावून ठेवण्याचा भरवसा किती वेळ धरणार?

त्रिकोण गाडीमागे किमान शंभर मीटरवर ठेवायचा. मोठी ढांग टाकणाऱ्या माणसाची ती साधारण १३० पावलं होतात. जवळ दोन असतील तर दुसरा निम्म्या अंतरावर. वळणापलीकडे गाडी अडकली असेल, तर अंतर मोजत बसू नये, वळणाच्या अलीकडेच त्रिकोण लावावा. ठेवायला जाताना रस्त्याच्या कडेने, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, त्रिकोण छातीसमोर उघडा धरून चालावं. तोवर ड्रायव्हर स्वतःच चालता परावर्तक असतो. नियमाने प्रत्येक गाडीत त्रिकोण असायला हवा. अनेक गाड्यांत असतोही, पण स्टेपनीमागे, ताडपत्रीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पासिंगच्या दिवशी दाखवून झाल्यावर पुन्हा तिथेच गेलेला. अंधारात, पावसात, एका हातात मोबाइलचा टॉर्च धरून तो शोधायला जितकी मिनिटं लागतात, तितकी मिनिटं गाडी उघडी असते. त्याची जागा ड्रायव्हरच्या सीटच्या मागे.

टँकर उलटला, तर

२०१४ च्या मार्चमध्ये चारोटीजवळ एलपीजीचा टँकर उलटला, वायू पेटला आणि त्यात माणसं दगावली. याच राष्ट्रीय महामार्ग ४८ वर, पण जयपूरजवळच्या भांक्रोट्याला, २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे वळण घेणाऱ्या एलपीजी टँकरला ट्रक धडकला. टँकरच्या तोट्या तुटल्या, वायू रस्त्यावर पसरला आणि मागच्या-पुढच्या कितीतरी गाड्या त्यात सापडल्या. दोन्ही ठिकाणी पेटलेला पदार्थ आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमधलाच.

एलपीजी दाबाखाली द्रव होतो. दाब सुटला की एका लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू बनतो. हवेत हा वायू जेमतेम दोन टक्के असला तरी ठिणगीने पेटतो. म्हणजे सांडलेला एक लिटर द्रव एका लहान खोलीएवढी हवा पेटती करायला पुरतो. टँकरमध्ये असतो १७-१८ टन.

वायू म्हटलं की तो वर जाणार असं आपल्याला वाटतं. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो अंगणात सांडलेल्या पाण्यासारखा वागतो. उताराकडे सरकतो, गटारात शिरतो, नाल्यातून पुढे जातो, खोलगट जागेत साचतो. टँकर पुलाच्या तोंडाशी उलटला असेल, तर सुरक्षित वाटणारी पुलाखालची जागा सगळ्यात वाईट. चढाकडे जायचं आणि वाऱ्याला पाठ न करता, वारा जिकडून येतो तिकडे जायचं. वारा कळायला खिशातला रुमाल हातात धरला तरी पुरे.

गळतीच्या जागी पांढरं धुकं दिसतं. ते धुकं म्हणजे वायू नव्हे. उकळणारा द्रव आजूबाजूची हवा इतकी थंड करतो की हवेतली वाफ गोठून पांढरी दिसते. खरा वायू अदृश्य असतो आणि धुक्याच्या कडेपलीकडेही पसरलेला असतो. धुकं संपलं तिथे उभं राहून व्हिडिओ काढणारा माणूस बहुधा वायूतच उभा असतो. ओळख पटावी म्हणून उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळलेलं असतं. वास आला म्हणजे तुम्ही अजून पुरेसे दूर नाही. अशा वेळी गाडीचा स्टार्टर मारणं, इंजिन चालू ठेवून रांगेत थांबणं, सिगारेट, फटाफट चालू-बंद होणारे दिवे, यांपैकी काहीही ठिणगी देऊ शकतं.

आणि टाकी ज्वाळेत सापडली असेल तर विझवायला धावणं हा शौर्याचा नव्हे, गैरसमजाचा प्रकार आहे. टाकीच्या ज्या भागाला आतून द्रव लागलेला असतो तो भाग द्रवामुळे थंड राहतो. जिथे आत फक्त वाफ आहे तिथला पत्रा तापून मऊ होतो आणि फाटतो. दाब एकदम सुटतो, उरलेला सगळा द्रव क्षणात उकळतो आणि आगीचा गोळा उठतो. सरळ उभ्या टाकीची सुरक्षा झडप वर असते आणि फक्त वाफ बाहेर सोडते. टाकी आडवी झाली की तीच झडप द्रवात बुडू शकते, मग ती द्रवच ओकू लागते. अग्निशमन दलांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत आगीत सापडलेल्या अशा टँकरपासून १६०० मीटर दूर राहण्याची सूचना आहे. दीड किलोमीटरहून जास्त! चारोटी नाक्यावर उभं राहून एवढं अंतर चारही दिशांना मोजून पाहा, म्हणजे किती घरं, हॉटेलं आणि पंप त्यात येतात ते कळेल.

टँकरच्या बाजूला आणि मागे नारिंगी-पांढरा फलक असतो, बहुतेकांनी पाहिलेला आणि क्वचितच कुणी वाचलेला. त्यावरचा चार आकडी क्रमांक पदार्थाची ओळख सांगतो, एलपीजीचा १०७५. शेजारच्या संकेताचा पहिला आकडा आग कशाने हाताळायची ते सांगतो. चार असेल तर पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. तारापूरकडून येणाऱ्या काही तीव्र आम्लांच्या बाबतीत पाणी म्हणजेच स्फोटक उकळी. शेवटी रोमन लिपीतलं ‘ई’ हे अक्षर असेल, तर परिसर रिकामा करण्याचा विचार करायचा. अशा मालाच्या ड्रायव्हरने तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं असावं असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे, आणि मालाची लेखी माहिती केबिनमध्ये ठेवायची असते. ती माहिती त्याला वाचता येणाऱ्या भाषेत आहे का, हे मालकाने आणि माल भरणाऱ्या कंपनीने बघायचं. दोष देताना आपण फार लवकर स्टिअरिंगपाशी येऊन थांबतो.

चौकट: फोनवर काय सांगायचं

११२ हा पोलीस, आग, रुग्णवाहिका सगळ्यांसाठी. १०८ रुग्णवाहिकेसाठी. १०३३ राष्ट्रीय महामार्गाची मदतवाहिनी. ‘चारोटीच्या जवळ’ एवढं सांगून भागत नाही. आधी बाजू सांगा: मुंबई वाहिनी की गुजरात वाहिनी. दुभाजक ओलांडता येत नसल्याने चुकीच्या बाजूला आलेल्या रुग्णवाहिकेला पुढून वळून यावं लागतं. मग किलोमीटरच्या दगडावरचा आकडा. दोन किलोमीटरांच्या मध्ये दर २०० मीटरला एक छोटा दगड असतो, त्यावर २, ४, ६, ८ असे आकडे असतात, तोही सांगा. मग जखमी किती, कुणी अडकलंय का, टँकर असेल तर फलकावरचा चार आकडी क्रमांक. समोरच्याने ठेवेपर्यंत फोन ठेवू नका.

केबिनमधली आग

सामान्य ट्रकमध्ये आगीची सुरुवात बहुधा लहान असते. घासून सोललेली बॅटरीची वायर, गळणारं डिझेल, किंवा चिकटलेला ब्रेक. लायनर ड्रमला घासत राहिला की ड्रम तापतो आणि टायर धुमसू लागतो. जोडचाकांतला एक टायर बसला असेल तर तो दुसऱ्याला घासूनही तापतो. आरशात धूर दिसण्याआधी जळक्या रबराचा वास येतो. म्हणून चहाला थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळून हात फिरवणारा ड्रायव्हर (ड्रमला न लावता, नुसता जवळून) मला पन्नास सूचनाफलकांपेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो. एक चाक इतरांपेक्षा गरम असेल तर तिथे काहीतरी बिघडलेलं आहे.

भुकटीचा अग्निशामक ज्योत तोडतो, पण उष्णता काढून घेत नाही. त्यामुळे वायरिंगच्या आगीवर तो उत्तम, पण पेटलेल्या टायरवर तात्पुरता. आतून लालबुंद झालेलं रबर पुन्हा पेट घेतं, त्याला भरपूर पाणी लागतं. नळकांडं काही सेकंदांत रिकामं होतं. पिन काढून, वाऱ्याकडून, ज्वाळेच्या टोकावर न मारता बुडावर मारायचं. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे महिन्यातून एकदा बघायला एक नजर पुरते.

ड्रायव्हरचं शरीर

पहाटे तीन ते पाच या वेळात शरीर झोप मागतंच, चहा कितीही कडक असो. डोळे उघडे ठेवूनही चार सेकंदांची डुलकी लागते, आणि ताशी ६० च्या वेगाने तेवढ्यात ६७ मीटर निघून जातात. २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगत होता. भाडं उशिरा पोहोचलं तर पैसे कापणाऱ्याने तो कधी वाचलेला नव्हता.

मधुमेहाचं औषध घेऊन उपाशी गाडी चालवणाऱ्याची साखर एकाएकी उतरते. घाम, थरथर, अडखळती जीभ, असंबद्ध बोलणं. बाहेरून पाहणाऱ्याला हा माणूस प्यायलेला वाटतो आणि मदतीऐवजी मार पडतो. शुद्धीवर असेपर्यंत साखर किंवा गोड पाणी दिलं तर काही मिनिटांत फरक पडतो. परवान्याच्या मागे रक्तगट, आजार, औषध आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद असावा. फोन लॉक असतो, कागद नसतो.

अपघातातल्या जखमीच्या बाबतीत उलट. लोक पहिल्यांदा तोंडाला पाणी लावतात. अर्धवट शुद्धीतल्या माणसाचं ते पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि पुढे शस्त्रक्रियेची भूल देतानाही पोट भरलेलं असणं धोक्याचं. पाण्यापेक्षा वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने घट्ट दाबणं मोलाचं. दाब मधून मधून काढून ‘थांबलं का’ बघायचं नाही, धरलेली गुठळी त्याने निघून येते. आगीचा धोका नसेल तर केबिनमध्ये अडकलेल्याला ओढून काढू नये, मान आणि कण्याची इजा तशी वाढते. चारोटीहून कासा जवळ आहे आणि तिथे सरकारी रुग्णालय आहे. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय अडकवून ठेवू शकत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४ अ आणि त्याखालचे नियम हे सांगतात. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजनाही आहे.

जमाव आणि कायदा

ड्रायव्हर पळतो, यावर सगळ्यांचं एकमत असतं. तो का पळतो, हे त्याला विचारलं तर उत्तर एकच: लोक मारतात. कायद्याला हे माहीत आहे. कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं ड्रायव्हरवर बंधनकारक आहे, पण जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तर तिथे थांबण्याची सक्ती नाही. सक्ती आहे ती खबर देण्याची, शक्य तितक्या लवकर आणि उशिरात उशिरा २४ तासांत, जवळच्या पोलीस ठाण्यात. या पट्ट्यात ती ठाणी मनोर, कासा आणि तलासरीला आहेत.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत महाराष्ट्रातल्या पेट्रोल पंपांवर ज्या रांगा लागल्या, त्या याच प्रश्नावरच्या संपामुळे. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात, बेदरकारपणे गाडी चालवून कुणाचा मृत्यू घडवल्यावर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम वगळून ठेवलं गेलं. उद्या ते लागू झालं, तरी त्यातला मुख्य शब्द ‘न कळवता’ हाच राहील. जमावापासून दूर जाऊन, सुरक्षित जागेवरून ११२ ला केलेला फोन वेळेसह नोंदला जातो आणि ड्रायव्हरच्या मोबाइलमध्येही त्याची नोंद राहते. ती पुसू नये, आणि कोणत्या ठाण्यात हजर होतोय हेही त्याच फोनवर सांगून ठेवावं.